रंजूने पाठवलेली पत्ती

१४ जाने. २००३, मंगळ. संक्रांत.
पारबताबाईला वाण देऊन परतले तर पोस्टमन दारात. कापडात शिवलेलं पार्सल. अक्षरावरूनच कळलं, रंजूचं. हे घरी नव्हते, देवाची कृपा.
आत तपकिरी कागदाचं पाकीट. वर शाईचा ठसा, दोन पानं नि मधे कोंब. नाकाला लावलं. वाळत घातलेल्या मोहफुलासारखं गोड, पण मोह नाही. धानाच्या नव्या पेंढीसारखंही थोडं.
सोबत चिठ्ठी. "आई, हा आमच्या हातचा चहा. बाबांना दे. माझा म्हणून आधी सांगू नको, नाहीतर पिणार नाहीत. आवडला तर सांग."
तीन वर्षं झाली. पोरीने तिकडे निलगिरीच्या डोंगरात नोकरी धरली, तिकडच्याच सेल्वमशी कोर्टात लग्न केलं, आम्हाला पत्राने कळलं. तेव्हापासून यांच्या तोंडी तिचं नाव नाही. पत्रं मला येतात. हे पाहतात, विचारत नाहीत.
आणि मी चहा करणार, पिणार नाही. हे रंजूलाही माहीत नाही. गेल्या नाही, त्याच्या आधीच्या शिवरात्रीला मार्कंड्याच्या महादेवापुढे चहा सोडला. यांनी आपण होऊन पोरीला "ये" म्हणावं, तोवर नाही. यांना सांगितलं, पित्त होते.
शिवपार्वतीला तिळगूळ ठेवला. पाकीट डाळीच्या डब्यामागे.

१५ जाने., बुध.
रोजच्यासारखा मांडला. पाणी, साखर, पत्ती, दूध, आलं, चांगला खळखळा उकळू दिला. रंग आला नाही म्हणून आणखी एक चमचा, आणखी उकळी. वास उडून गेला ते कळलं, पण चाखून पाहणार कोण?
यांनी एक घोट घेतला. कप पाहिला. मला पाहिलं.
"काढा हाय का हा? कोणाले खोकला झाला?"
अर्धा कप टाकून उठले. इतकी पत्ती वाया. आणि दूध.

१७ जाने., शुक्र.
आज पत्ती कमी टाकली. यांच्यावर दुसऱ्यांदा प्रयोग नको म्हणून पारबताबाईला हाक मारली. तिचा नवरा तलावावर मासे धरतो, ती शेताच्या कामाला जाते नि उन्हाळ्यात तेंदूपत्ता, बिडीचं पान, तोडायला. जिभेवर आलेलं पोटात ठेवत नाही, म्हणूनच बोलावलं.
फुर्रकन बशी ओढली. "बाई, ह्याच्यात पत्ती टाकाची राह्यली का?"
"टाकली न."
"मंग पत्तीलेच चाय पाजून आणली काय कोनं?"
दोघी हसलो. मग तिने विचारलं, पोरीची व्हय का? मी मान हलवली. तिने उरलेला सगळा पिऊन टाकला, बशी पुसून ठेवली. म्हणाली, "पोरीची हाय तर गोड हाय."
रंजूला पत्र टाकलं. कसा करायचा ते लिही.

१ फेब्रु., शनि.
उत्तर आलं. मोठं, चार पानी. दुपारी दोनदा वाचलं.
चहा उकळायचाच नाही! पाणी उकळलं की खाली उतरवायचं, मग पत्ती, मग झाकण. पाच मिनिटं हात लावायचा नाही. बाबांना दूध लागतंच, तर वरून, गरम. आई, तू त्याला उकळून मारलास, असं लिहिलंय कार्टीने.
बाकीचं त्यांच्या धंद्याचं. मी समजत होते सेल्वमचं दुकान आहे. दुकान नाहीच. अकरा घरं, प्रत्येकाचा डोंगराच्या उतारावर वावराएवढा तुकडा. आधी कोवळं पान मोठ्या कारखान्याला द्यायचे, तो म्हणेल तो भाव. मग या अकरांनी मिळून एक शेड घातली, पान सुकवणं, मळणं, वाळवणं सगळं स्वतः. फवारणी नाही, रासायनिक खत नाही, शेण नि पालापाचोळा. बाहेरून तपासायला माणसं येतात, मातीसुद्धा नेतात. पाकीट घेणारे दूरदूरचे, पण बोली अशी की तोडणाऱ्या बाईची मजुरी आधी ठरणार, नफ्याचं मागून. रंजू लिहिणं-मोजणं पाहते. काटा तिच्या हातात.
एवढं उतरवून ठेवते:
"इथे वजनात काही कापत नाही. ओलं पान म्हणून नाही, टोपलीचं म्हणून नाही. काटा धरते तेव्हा दर वेळी बाबा आठवतात."
वाचून हात थांबला. हे वीस वर्षं तेंदूपत्त्याच्या फळीवर, पानं गोळा होतात तिथे, मुंशी. सगळे यांना मुंशीजीच म्हणतात. बाया जंगलातून पानं आणतात, सत्तर पानांचा पुडा बांधतात, संध्याकाळी फळीवर मांडतात, हे मोजतात. शेकड्यामागे पाच पुडे वरचे, बिनपैशाचे. पान फाटतं, किडकं निघतं म्हणून ठेकेदाराने लावलेली रीत, यांनी नाही लावली. रंजू बारा वर्षांची असताना यांच्याबरोबर गेली होती. सगळ्या बायांसमोर विचारलं होतं, "बाबा, हे पाच पुडे कोणाचे?"
बाया हसल्या होत्या. हे हसले नव्हते. त्यानंतर तिला फळीवर कधी नेलं नाही.

३ फेब्रु., सोम. उपास.
रंजूने सांगितलं तसा केला. झाकण ठेवून "ॐ नमः शिवाय" एकशे आठ वेळा, सावकाश, म्हटलं तर पाच मिनिटं बरोबर होतात.
झाकण काढलं आणि सगळ्या सैपाकघरात तो वास.
यांनी प्यायला. कप खाली ठेवला, पुन्हा उचलला, रिकामा होता. "हाय का अजून?"
तीन वर्षांत दुसरा कप मागितला नव्हता.
"आज पत्ती कोनती?"
"दुकानातलीच. नवीन आली."
तोंडातून निघून गेलं. सोमवारचा उपास आणि खोटं. आधी पित्ताचं, आता हे.

९ फेब्रु., रवि.
रोज दोन कप यांचे. पत्ती एकदा वापरून झाकून ठेवते, दुपारी पुन्हा गरम पाणी ओतते. दुसऱ्यांदाही रंग देते, वासही. दुकानातल्या बुकटीला, त्या चुऱ्याला, एकदाच काय तो जीव. रंजूला कळवायला हवं, तिकडच्यांना माहीत आहे की नाही कोण जाणे.
उरलेला चोथा कढीपत्त्याच्या बुडाशी. झाड पालवलंय.
यांना सांगायचं आहे. रोज ठरवते. हे कप तोंडाला लावतात, डोळे अर्धे मिटतात, आणि मी म्हणते उद्या.

१ मार्च, शनि. महाशिवरात्र.
पारबताबाईबरोबर मार्कंड्याला. जत्रेत गर्दी, नदीत पाणी घोट्याएवढं. रांगेत तीन तास. बेल वाहिला. मागणं तेच. खोटं बोलले त्याची क्षमा मागितली, आणि आणखी थोडे दिवस बोलू देण्याचीही. देवाला काय वाटलं असेल.
परतताना पारबताबाईने चहाच्या दुकानापुढे पाय ओढले. "तुमी नाई पेत तर मी काऊन मरू?" प्यायली. मी खारे फुटाणे खाल्ले. नवसाचं तिला माहीत आहे, सोडला तेव्हा बाजूलाच उभी होती. एरवी काही पोटात राहत नाही, पण हे तिने ठेवलंय.

७ मार्च, शुक्र.
सापडले.
सकाळी हे कढीपत्त्याला पाणी घालत होते. आत आले ते तळहात पुढे करून. हातावर ओला चोथा. पण चोथा कसला, भिजून उलगडलेली अख्खी पानं.
"हे पान कुठचं?"
ज्या माणसाने वीस वर्षं पानंच पाहिली, अंधारात बोटाने सांगेल हे कोणत्या पहाडीवरचं, त्याच्या अंगणात मी पानं टाकत होते. मलाच अक्कल नाही. दुकानातल्या बुकटीला पान असतं का कधी!
"रंजूचं," म्हटलं.
हात तसाच धरून उभे राहिले. मग जाऊन पानं पुन्हा झाडाच्या बुडाशी ठेवली. टाकली नाहीत, ठेवली. आणि बाहेर निघून गेले.

९ मार्च, रवि.
दोन दिवस झाले, यांनी चहाच सोडला. दुकानातला केला, तोही नको. रागावलेत की काय, तेही कळत नाही. जेवतात, धान पाहतात, पेपर वाचतात.
पारबताबाई आली. "मांडा न थोडा."
म्हटलं, या घरात आता कोणीच पीत नाही.
"माय वो. मंग मी कुठी जाऊ?"

११ मार्च, मंगळ.
जेवताना, ताटाकडे पाहून: "तिचे कागदं कुठी हायेत?"
सगळी दिली. तीन वर्षांची, सुतळीने बांधलेली. चष्मा लावून ओसरीवर बसले, पहिल्यापासून सुरुवात केली. मी आत गहू निवडत होते. एक खडा दोनदा निवडला असेन.
काट्याच्या पत्रापाशी थांबले.
"आयकलं काय? आठवन काढून राह्यली का शिवी देऊन राह्यली?"
मी म्हटलं, तुम्हाला काय वाटते?
"मले काय वाटन? तिले माझी लाज वाटे, म्हनून गेली ते."
"लाज वाटली असती तर पत्ती पाठवली असती का?"
म्हणजे तीन वर्षं यांच्या मनात हे होतं. जातीचं नाही, भाषेचं नाही, न विचारल्याचंही नाही. ते पाच पुडे होते. आणि मी समजत होते की…

१२ मार्च, बुध.
सकाळी स्वतः पाकीट काढून आणलं. "मांड. ते सांगते तसा. दूध नको."
बिनदुधाचा प्यायले. तोंड वाकडं केलं, थोडी साखर मागितली, प्यायले.
मग ताट मागितलं. गाळणं त्यात उपडं केलं आणि एकेक पान बोटाने उलगडून मांडत बसले. फळीवर बसतात तसे, उकिडवे. दोन पानं नि कोंब, एका बाजूला. मोठं पान, दुसरीकडे. देठं, तिसरीकडे. मी बाजूला बसले. मनातून वाटत होतं, आता नाव ठेवतील.
"तोडणारीचा हात चांगला हाय," म्हणाले. "पन हे पाय, जून पान. उन्हं चढल्यावर घाई केली कोनीतरी. अन् हे देठ ठेवाचं काम नोतं."
दुपारी पोस्टकार्ड मागितलं. मला वाटलं मला लिहायला लावतील. स्वतः लिहिलं. मुंशीचं अक्षर, एक काना जास्त नाही. टाकायला माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं:
"चि. रंजना हिस. माल मिळाला. पाहिला. पान शेकडा नव्वद चांगले. जून पान व देठ निवडून काढावे, निवडणाऱ्या बाईस त्याचे वेगळे द्यावे. सुकवताना घाई करू नये. पत्ती दुसऱ्या पाण्यासही रंग देते. मुक्काम पोस्ट तेच."
"चि." लिहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा.
"ये" लिहिलं नाही. देवा, हे धरायचं का? नाही. बोलणं वेगळं, बोलावणं वेगळं. मी आपल्या सोयीने नवस वाकवणार नाही.

३ एप्रिल, गुरु.
काल पाडवा. आज पत्र, यांच्या नावे. पाकिटावर "श्री." आणि पुढे पूर्ण नाव. यांनी नाव दोनदा वाचलं, मग फोडलं.
कार्ड शेडमध्ये भिंतीला लावलंय. रंजूने अर्थ सांगितला, सेल्वमने बायांना त्यांच्या भाषेत ऐकवलं. जून पानाची गोष्ट निघाल्यावर सगळ्या एका बाईकडे पाहून हसल्या, ती तोंडाला पदर लावून पळाली. देठं निवडायला एक म्हातारी ठेवली, तिला वेगळी मजुरी. सुकवायला अर्धा दिवस जास्त देतात. "बाबा, नवीन पाकीट पाठवलं आहे. पास की नापास ते कळवा."
यांनी घडी घालून खिशात ठेवलं. संध्याकाळी पारावर जाऊन आले. पारबताबाई सांगत होती, तिथे दोघा-तिघांना ऐकवलं म्हणे, चहाच्या पानाले काय पाहा लागते. पोरीचं नाव काढलं नाही. "आमचा एक माल हाय तिकडं," असं म्हणाले.

१० एप्रिल, गुरु.
नवीन पाकीट. ताट, उकिडवे, तीन ढीग. देठांचा ढीग जवळजवळ नाहीच.
"पंच्यान्नव," म्हणाले. शंभर म्हणायला जीव जातो यांचा.
कार्ड गेलं. त्यातही ये नाही.

१२ मे, सोम. उपास.
तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू. हे पहाटे जातात, डब्यात भाकर-चटणी, बाटलीत रंजूचा चहा, गार झाला तरी चालतो म्हणे. पारबताबाई नि तिची सून चार वाजताच जंगलात. ऊन मरणाचं.

१६ मे, शुक्र.
पारबताबाई फळीवरून थेट इकडे, हात पानांच्या चिकाने काळे.
"बाई, मुंशीजीले काही झालं काय? पाचाचे दोन केले."
"काय दोन?"
"वरचे पुडे. शेकड्याले दोनच घेतले. साऱ्या बायाईचे. ठेकेदाराचा मानूस लाल झाला. मुंशीजी म्हनते, पान चांगलं हाय, फाटकं दोनच्या वर निघत नाई, मोजून पाय. अन् ताटातल्यावानी मांडून दाखवलं न त्याले!"
हे घरी आले, हातपाय धुतले. मी विचारलं नाही. आपण होऊनच म्हणाले, "पुरे कुठी सोडले? दोन तर घेतलेच न. मले बी ठेकेदाराले तोंड दाखवाचं हाय."
जरा वेळाने: "पुढच्या साली ठेकेदार बलावते की नाई, पाहू."
मी ताट वाढलं. तूप थोडं जास्त घातलं.

२४ मे, शनि.
पारबताबाईच्या पोटातलं शेवटी बाहेर आलं. हंगामाचे पैसे मिळाले म्हणून शेव घेऊन आली होती. हे ओसरीवर. मी दोन कप केले, यांचा नि तिचा.
यांनी तिला विचारलं, कसा वाटते? तिने बशी खाली ठेवली.
"मुंशीजी, साऱ्या गावाले पोरीची चाय पाजता. घरची मालकीनच पेत नाई, ते दिसत नाई काय तुमाले?"
"तिले पित्त हाय."
"कायचं पित्त! मार्कंड्यात देवाले सांगून सोडली. तुमी पोरीले बलावत नाई तवपर्यंत. दोन वर्सं झाली. घ्या, आता मले शिव्या द्या."
मला शिव्या देता आल्या नाहीत. मी आत गेले, कढईला हात लावला, उगाच.
ती गेल्यावर हे दारात उभे. आत आले नाहीत.
"खरं हाय?"
"हो."
"सांगतलं काऊन नाई?"
"सांगून बोलावलं असतं तर तुम्ही बोलावलं, असं झालं असतं का?"
म्हणाले, "रोज माझ्यासाठी मांडे. समोर बसून राहे." मला म्हणत नव्हते, स्वतःलाच. मी पदराने भांडी पुसली. ती पुसलेलीच होती.

२६ मे, सोम. उपास.
यांनी आंतर्देशीय पत्र आणलं, कार्ड नाही. ओसरीवर बसून लिहिलं. मधे एकदा विचारलं, "वीणा"तला णा बाणाचा की नळाचा. वीणा कोण? सेल्वमची धाकटी बहीण, रंजूच्या पत्रात होती. म्हणजे पत्रं नुसती वाचली नाहीत.
भात लावून चिकटवलं. मला टाकायला दिलं नाही. स्वतः चामोर्शीला जाऊन मोठ्या पोस्टात टाकून आले, उन्हाचं.
विचारलं, काय लिहिलं?
"तिचं उत्तर येऊ दे."
"तरी?"
"मालाचंच." मान वळवून बोलले. खोटं बोलता येत नाही यांना. किंवा खरंच मालाचंच असेल.

३१ मे, शनि.
आज सकाळी यांनी दुकानातली बुकटी आणली, छोटी पुडी. म्हणाले, हिचाच मांड.
मी म्हटलं, रंजूची संपली नाही अजून, पाकिटात आहे.
"पाह्यली. दोन चमचे हाय."
"मग?"
"राहू दे. मांडू नको ते." पाकीट माझ्या हातातून घेतलं, वरून दोन घड्या घातल्या, रंजूच्या पत्रांचीच सुतळी गुंडाळली, आणि देवघरात, महादेवाच्या फोटोमागे ठेवलं.
बुकटीचा चहा प्यायले, पूर्ण. तोंड वाकडं केलं नाही.
मग विचारलं, तिथून पत्र याले किती दिवस लागते. म्हटलं, सहा-सात.
"जाले सात, याले सात," बोटावर धरलं. "तिले सुट्टी काढा लागन, तेबी."
मी वळून पाहिलं तर पेपर तोंडापुढे धरला होता.
तुळशीला पाणी घातलं. माझा जुना कप, कान तुटलेला, वरच्या फळीवर पालथा होता. उतरवून घासला. पुन्हा पालथाच ठेवला आहे, पण खालच्या फळीवर, हाताशी.